फ्रिजमधली जेलची नळी

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात पांढऱ्या फरशीवर एका सकाळी रक्ताचे ठिपके दिसले. बायकोला वाटलं, विळीवर माझं बोट कापलं. मला वाटलं, तिचं. दोघांनी एकमेकांचे हात उलटेपालटे करून पाहिले. मग मी नोकरीतल्या जुन्या सवयीनं माग काढत निघालो. ठिपके दारापासून सुरू होत होते, बैठकीतून स्वयंपाकघरात गेले होते, तिथून पाण्याच्या माठापाशी, आणि तिथून थेट माझ्या डाव्या पायाखाली. सक्करदऱ्याच्या तलावाला फेरी मारून आलो होतो. दाराशी काढलेला बूट झटकला तर वाटाण्याएवढा खडा बाहेर पडला. तो अंगठ्याच्या बुडाशी अख्खी फेरीभर रुतत होता आणि मला पत्ताच नव्हता.

माझी सगळी नोकरी वीजचोरी पकडणाऱ्या पथकात गेली. तारेवर टाकलेला आकडा, मीटरच्या काचेला पाडलेलं सुईएवढं भोक, गाडी दिसताच अंगणात सुरू होणारी पळापळ, हे सगळं मी दुरून ओळखायचो. लोक म्हणायचे, याला स्वतःच्या सावलीचाही संशय येतो. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण माझा संशय बहुतेक वेळा खरा निघायचा. पण माझ्याच पायानं मला असं फसवावं, याचा फार राग आला. शुगरनं पायाच्या नसा मेल्या आहेत, असं डॉक्टरीणबाई आधीपासून सांगत होत्या. मी मान डोलवायचो. घरी येऊन बायकोला म्हणायचो, घाबरवल्याशिवाय यांचं दुकान कसं चालणार.

जखम भरेना. महिना गेला, पट्ट्या बदलल्या, गोळ्या बदलल्या, तरी ती तशीच, तोंड उघडून बसलेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कडेची मेलेली कातडी कापून काढली, आत सळई घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हाड अजून वाचलेलं आहे. आपण एक जेल लावू. त्यानं भरली तर उत्तम. नाही भरली तर अंगठा काढावा लागेल, आणि कधीकधी गोष्ट अंगठ्यावर थांबत नाही."

मी विचारलं, या जेलमध्ये असं आहे तरी काय? त्या म्हणाल्या, जखम झाली की शरीर तिथल्या पेशींना निरोप धाडतं, वाढा, जागा भरून काढा. तुमच्या शुगरमुळे तो निरोप पोचत नाही. या नळीत तोच निरोप आहे.

निरोप नळीत कसा भरतात, हे काही मला पटलं नाही. बाहेर आल्यावर बायकोला म्हणालो, "अवं, मले तं यात काळंबेरं वाटते. हे जेल लावाले लावतीन, अन मंग म्हणतीन, भरलं नाही, आता कापा."

"मंग नका लावू," ती म्हणाली. "अंगठ्याले हार घाला अन बसा."

ती अशीच बोलायची. भांडण सुरू व्हायच्या आधीच संपवून टाकायची.

जेल थंड ठेवावं लागतं. उन्हात राहिलं तर बिघडतं, बर्फात गोठलं तरी बिघडतं. दुकानदारानं ते थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीसोबत दिलं. पण माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळला. रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडून जाणारे दुकानदार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आत आइस्क्रीम असो की औषध, त्यांना बिलाची काळजी. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला मी कुबडी टेकत हजर झालो. त्यानं कुलूप काढलं तसा त्याच्या मागोमाग आत शिरलो आणि फ्रिजच्या दाराला हात लावला.

"काय पाह्यजे काका?"

"काही नाही. रात्री चालू होता का, पाहून राहिलो."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुमी औषध घ्याले आले का रेड टाकाले?"

फ्रिज थंडगार होता. आत थर्मामीटरही लटकवलेलं होतं. पण थर्मामीटर तर कुणीही लटकवतं, असं मनाशी म्हणत मी घरी आलो. बायकोनं कुबडी हातातून घेतली आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं असताना तुम्ही गावभर कशाला फिरता, म्हणून जी बोलायला सुरुवात केली ती भाजी चिरून होईपर्यंत.

सुरुवातीला ड्रेसिंगसाठी एक माणूस घरी यायचा. इस्पितळात वॉर्डात काम केलेला, पन्नाशीचा, फार न बोलणारा. मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, जेलचा पातळ थर पसरायचा, ओली जाळी ठेवायची, वरून कोरडी पट्टी. बायको ट्रे धरून शेजारी उभी असायची आणि बारकाईनं बघायची. मीही बघायचो, पण जखमेकडे नाही. माझी नजर त्याच्या बोटांवर आणि नळीवर असायची. किती दाबली, किती निघालं, किती जाळीला पुसलं.

पहिली नळी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापेक्षा बऱ्याच आधी संपली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसरी सुरू झाल्यावर नळी जिथपर्यंत दुमडली होती तिथे मी पेनानं बारीक रेघ मारली. दोनतीन दिवसांनी रेघ आणि दुमड यांच्यात चांगलंच अंतर पडलेलं. एवढा पातळ थर, मग बाकीचं गेलं कुठे?

मी सरळ चोर म्हटलं नाही. नोकरीतही म्हणत नसे. मी फक्त विचारलं, "तुमच्याकडं असे पेशंट आनखी किती हायेत?"

त्याला कळलं. त्यानं हातमोजे काढले, नीट एकात एक गुंडाळले आणि उठला. "काका, मी लोकायच्या जखमा धुतो, चोरत नाही. उद्यापासून दुसरा पाहून घ्या."

बायको त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं. "चांगल्या मानसाले लावून टाकलं वाटंला. आता कोन करनार?"

"शिकली नाही का तू?"

"शिकली," ती म्हणाली. "म्हनून का त्याले हाकलाचं?"

तेव्हापासून ड्रेसिंग तीच करू लागली. खरं सांगायचं तर त्या माणसाहून तिचा हात हलका होता. मी खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि ती खाली पाटावर बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. जखमही लाल दिसू लागली होती. लाल म्हणजे चांगली, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. कडेनं हळूहळू आत सरकत होती. निरोप पोचत असावा. मी तसं बोलून दाखवलं नाही, पण सकाळी पट्टी सुटायच्या वेळी मी आता भिंतीकडे तोंड करत नसे.

पण नळी अजूनही कमी होत होती.

आता घरात आम्ही दोघंच होतो. मुलगा परदेशी, भांडी घासणाऱ्या बाईला फ्रिजपर्यंत जाऊ देईन असा मी नव्हेच. तरी खात्री करायची म्हणून मी जुनी युक्ती काढली. आमच्या पथकात मीटरला सील लावताना प्रत्येकाची तार पिळायची आपापली पद्धत असायची. दुसऱ्यानं हात लावला की लगेच ओळखू यायचं. सकाळचं ड्रेसिंग झालं, ती आंघोळीला गेली की मी जेलच्या खोक्याला पांढरा दोरा बांधायचो, माझी ती दुहेरी गाठ मारून. ती विचारायची, हा दोरा कशाला, तर म्हणायचो, झाकण सैल आहे. संध्याकाळी पाहिलं तर दोरा होता, पण गाठ माझी नव्हती. कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती, आणि तीसुद्धा अगदी मन लावून.

मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोवर संशय घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि आली ती एका मलमापायी. पण गाठ तर समोर होती.

मग मी आठवू लागलो, आणि एकदा आठवायला बसलं की सगळं जुळतच जातं. तिचा धाकटा भाऊ कामठीला राहतो. त्यालाही शुगर. मध्ये येऊन गेला तेव्हा माझ्या पायाकडे टक लावून बघत म्हणाला होता, "भाऊजी, हे जेल खरंच काम करते का?" जाताना बहिणीनं त्याला पिशवी दिली होती. पिशवीत लोणचं होतं म्हणे. आता ते लोणचं आठवून आठवून माझं तोंड आंबट होऊ लागलं. माझा अंगठा राहतो की जातो अशी अवस्था, आणि हिला भावाची पडलेली!

मी बोललो नाही. बोललं की माल गायब होतो. रंगेहाथ पकडल्याशिवाय केस टिकत नाही, हे मी शेकडो वेळा इतरांना शिकवलं होतं. दसरा जवळ आला होता. भाऊ सोनं द्यायला येणार हे ठरलेलं. मी वाट पाहायचं ठरवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी खुर्ची मुद्दाम अशी फिरवून घेतली की बैठकीतून स्वयंपाकघरातला फ्रिज सरळ दिसावा. पाय स्टुलावर, हातात वर्तमानपत्र. मेव्हणा आला. आपट्याची पानं माझ्या हातात दिली, माझ्या पायांना मात्र लांबूनच नमस्कार केला, कारण एक पाय पट्टीत होता. मग बहिणीकडे वळला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो वाकला तशी ती मागे सरकली.

"राहू दे, राहू दे. पोचला नमस्कार."

"असा कसा पोचला? सनाचा दिवस हाय."

तो हसत पुढे वाकला. ती आणखी मागे सरली आणि तिची पाठ फ्रिजला टेकली. मी वर्तमानपत्र खाली केलं. वाटलं, हीच वेळ. त्याचा हात तिच्या पायाला लागला आणि तो तसाच वाकलेला राहिला. मग बोटं नाकापाशी नेली.

"ताई, मोजा ओला काहून हाय वं?"

गेले काही आठवडे ती घरात मोजे घालत होती. टाचांना भेगा पडल्या, क्रीम लावलं आहे, म्हणाली होती. मी ऐकून सोडून दिलं होतं. सगळ्या गावावर संशय घेणारा मी, त्या मोज्यांवर मला काडीचाही संशय आला नाही.

"पानी सांडलं," ती म्हणाली.

मेव्हण्यानं तिला धरून खाली बसवलं आणि मोजा ओढून काढला. अंगठ्याशेजारचं बोट सुजून जांभळं झालेलं. त्यात चांदीचं जोडवं इतकं खोल रुतलेलं की वरून नुसती एक चमकती रेघ दिसत होती. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी जखम. आणि जखमेवर, अगदी शिकवल्याप्रमाणे, जेलचा पातळ थर आणि जाळीचा छोटासा चौकोन.

शुगर तिलाही होती. सकाळची एक गोळी घेऊन ती कामाला लागायची, म्हणून आम्ही दोघंही ती मोठी धरत नव्हतो. रोगी म्हणजे मी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमचं लागलं त्याच्यानंतर थोड्या दिवसानं. बोट सुजलं, जोडवं निघेना."

"मंग सोनाराकडून कापून काहून नाही आनलं? मले काहून नाही सांगतलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो. "अजी, तुमचा पाय असा. डॉक्टर रोज कापाच्या गोष्टी करून राहिली. अन मी जोडवं उतरवू? मले ते जमलं नाही."

मेव्हणा तिथेच फरशीवर बसून रडू लागला. मी त्याच्याविषयी काय काय ठरवून बसलो होतो, ते त्याला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही सक्करदऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिचा पाय पाहिला आणि मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. जोडवं रोज आत रुतत असताना वरून कितीही जेल लावलं तरी काय उपयोग, आणि पू झालेल्या जखमेवर हे लावायचंच नसतं, असं त्या म्हणाल्या. मग छोटी कातर घेऊन आल्या. जोडवं आधी कापायचं, मग आत काय आहे ते बघायचं.

बायकोनं पाय पोटाशी ओढून घेतला आणि माझ्याकडे बोट केलं.

"याइची जखम भरू द्या आधी. मंग कापा."

"काकू, तोवर बोट राहणार नाही."

"नाही राह्यलं तं नाही राह्यलं."

मेव्हण्यानं समजावलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मग दरडावलं. ती ढिम्म. त्या बाईचा हट्ट मला माहीत होता. तो मोडायची माझी कधी प्राज्ञा झाली नव्हती. मी समोरच्या खुर्चीत बसलो, पाय वर घेतला आणि माझी पट्टी सोडू लागलो.

"पाह्य ना. भरली माही."

ती पुढे झुकली. घाईत चष्मा घरीच राहिला होता, आणि सकाळची पट्टी तिच्या सुजल्या पायामुळे मीच बांधली होती. जखम खूपच आक्रसली होती, पण मधोमध डाळीएवढी उघडी होती, हे मला माहीत होतं आणि डॉक्टरीणबाईंनाही. तिनं डोळे बारीक केले.

"हे मधात ओलं काय दिसते?"

"जेल हाय ते. सकाळी मीच नाही का लावलं? रातभरात खालून सारं भरलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग कातर पुसायला घेतली.

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

आयुष्यभर मी लोकांच्या शपथा ऐकल्या आणि एकीवरही विश्वास ठेवला नाही. तिनं माझ्यावर ठेवला, तो इतक्या सहज की मला तिच्याकडे बघवेना. तिनं सुस्कारा सोडला, पाय सरळ केला आणि म्हणाली, "मंग कापा."

कातरीनं चांदी तुटल्याचा आवाज अगदी बारीक आला. पण सळई आत गेली ती हाडाला जाऊन टेकली. इंजेक्शनं झाली, औषधं झाली, दिवाळी तशीच गेली. दिवाळीनंतर ते बोट काढावं लागलं.

माझी जखम त्याच सुमारास भरली. खरोखर भरली. डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं, कातडी पक्की झाली म्हणाल्या, बूट कसा घालायचा ते सांगितलं. मी कुबडी न घेता जपून चालत वॉर्डात तिला सांगायला गेलो. तिचा पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता. मी म्हणालो, "भरली वं माही जखम. पुरी भरली."

तिनं उशाखालून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "दाखवा."

"डॉक्टरनं पाह्यली."

"मी नाही पाह्यली."

मी पाय पलंगाच्या कडेवर ठेवला. तिनं वाकून अंगठ्याच्या बुडाशी बोट फिरवलं, दाबलं, कडेकडेनं पुन्हा दाबलं. मी म्हणालो, अगं, दुखत नाही, बघ.

"तुमाले तं कधीच दुखत नाही," ती म्हणाली. "तुमच्या शपथीवर एक डाव पाय पुढं केला, मंग चष्मा लावला तं जखम उघडीच. आता दुसऱ्या कोनाले पाहू द्या."

आणि तिनं नर्सला हाक मारली.